मावशीचा हिशेब

रविवार रात्र, सोलापूर

मावशी बीपीच्या गोळीचे दोन तुकडे करते. तेंदूपानं कापायची जुनी कात्री आहे, तिनेच, पाकिटासकट. अर्धी आज, अर्धी उद्या. "डोकं जड झालं तर अख्खी घेते की!" डॉक्टरांनी रोज एक सांगितलीय. महिन्याच्या आणून दिल्या तरी ही दोन महिने पुरवणार. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात म्हटलं, तर म्हणे, "रांगेत अख्खा दिवस जातोय रे."

आता तिच्या दिवसाची मजुरी कोण कापतंय? पण उभा जन्म विड्या वळलेल्या बाईचा हिशेब असा सुटत नाही. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्यांमागे पैसे. कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढी मेहनत पाण्यात. तापाने झोपली तर त्या दिवशी चूल कशावर पेटवणार? म्हणून सगळं अंगावर काढलं. दाढ दुखली की लवंग, फारच झालं तर उपटायची. वाचवायला पैसे जास्त लागतात ना. आता भाकरी आमटीत कुस्करून खाते, शेंगदाणे बंद. चष्मा बाजारात डोळ्यांना लावून बघून घेतलेला.

"वय झालं, चालायचंच," असं सगळे म्हणतात. मला हे ऐकलं की चीड येते. आमच्या शेजारच्या, बँकेतून रिटायर झालेल्या काकू तिच्याच वयाच्या; रोज सकाळी फिरून येतात. मावशीला जमिनीवरून उठायला भिंत लागते.

सत्तरीपुढच्यांना सरकारी आयुष्मान कार्ड आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार फुकट. चांगलंच आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. लकवा मारला तर उपचार होतील. तो मारू नये म्हणूनच्या गोळ्यांना हे कार्ड चालत नाही. आणि पेन्शन? ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान महिना 1000 रुपये, 2014 पासून तेवढीच. त्यात गॅस भरला की उरतं काय?

त्या हजारासाठीही वर्षाला हयातीचा दाखला. बोटांवरच्या रेषा पानं-तंबाखूने झिजल्यात, मशीन ठसा घेईना. चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ते ॲप आज मोबाइलवर घेतलं. तिला सांगितलं तर पहिला प्रश्न, "त्याला पैसे पडतात का रे?"