पत्र्यामागचं धुराडं

धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने शेगडीभोवतीचा काळा पत्रा काढला, टॉर्च आत धरला आणि मागे वळून म्हणाला, "आजपासून हिच्यात काडीही पेटवू नका." मला आधी रागच आला. बाहेर गोठवणारी थंडी, घर नुकतंच घेतलेलं, आणि या शेगडीवर माझा केवढा जीव! मग त्याने मला वाकून आत बघायला लावलं.

इथे अमेरिकेत जुन्या घरांत विटांची उघडी फायरप्लेस असते. दिसायला छान, पण बरीचशी ऊब धुराबरोबर वर निघून जाते. म्हणून त्याच पोकळीत काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी सरकवतात, तिला इन्सर्ट म्हणतात. तिच्या माथ्यावर धूर बाहेर पडायला गोल तोंड असतं. त्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलची सलग नळी, म्हणजे लायनर, हवी. आमच्याकडे नळीच नव्हती. शेगडी नुसती आत ढकललेली आणि कडेच्या फटी पत्र्याने झाकलेल्या. या प्रकाराला इथले कारागीर 'स्लॅमर' म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचं तोंड कडू होतं.

यात बिघडतं काय? आमच्या शेगडीचं तोंड 6 इंची, म्हणजे साधारण 28 चौरस इंच. वरचं विटांचं धुराडं त्याच्या चौपट. गरम धूर एवढ्या मोठ्या पोकळीत गेला की पसरतो, थंड होतो आणि त्याची वर जायची ओढ मंदावते. इथल्या एनएफपीए 211 या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे, धुराड्याच्या भिंती घराबाहेर उघड्या असतील तर आतली जागा शेगडीच्या तोंडाच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी. थंडावलेल्या धुरातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतींवर जमतात, ते क्रिओसोट. आमच्याकडे तो काळा, चकचकीत थर खरवडूनही निघत नव्हता. शेगडीच्या मागे तर त्याच्या खपल्यांचा ढीग साचला होता, तोही तापलेल्या लोखंडाला लागून. हा थर पेटला की धुराड्यात हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान जातं आणि विटांच्या आत अस्तर म्हणून बसवलेल्या मातीच्या नळ्या तडकतात. पलीकडे घराचं लाकूड. दार उघडलं की धूर खोलीत का येतो आणि दमट दिवसांत घरभर जळका वास का सुटतो, हे मला त्या क्षणी कळलं.

फोनवर आई म्हणाली, "एवढ्या प्रगत देशात असं कसं?" असंच. नियम उत्तम आहेत, पण ते पत्र्यामागे शिरून बघणारं कुणीतरी लागतं. आपल्याकडच्या मिस्त्रीने निदान तोंडावर सांगितलं असतं की हे काम तात्पुरतं आहे. इथे तात्पुरतं काम इतक्या सफाईने झाकलं होतं, की कुणाला शंकाही येऊ नये. याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण घर विकलं जाताना धुराडं कॅमेऱ्याने तपासावं, असं तेच मानक सांगतं, हेही इथलंच. आणि ज्या माणसाला माझ्याकडून त्या दिवशी फक्त सफाईचे पैसे मिळणार होते, तो तासभर गुडघ्यावर बसून मला एकेक गोष्ट दाखवत राहिला.

परवाना काढला. दीड-दोनशे किलोची शेगडी बाहेर ओढली, क्रिओसोट रसायन लावून आणि घासून काढलं. लायनरला सिरॅमिक लोकरीचं पांघरूण गुंडाळून तो छपरावरून खाली सोडला. डॅम्पर म्हणजे धुराड्याची वाट बंद करणारी झडप. तिच्या बिडाच्या चौकटीतून लायनर उतरेना, तेव्हा चौकटीचा तुकडा कापावा लागला. हे सगळं जाणत्या माणसांनी केलं.

माझ्या वाट्याला आलं एकच काम, आणि ते मी हट्टाने मागून घेतलं: डॅम्परच्या जागी बसणारा पत्रा. तो नसला तर ऊब लायनरच्या बाजूने वर निघून जाते. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. विटांची एकही कड सरळ नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा कापला, मधोमध लायनरसाठी भोक ठेवलं. तो पत्र्यावर ठेवून गिरवला, कात्रीने कापला, कडा दुमडल्या. वर रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, ठासलं, फटीत उष्णता सोसणारं सील भरलं. नगरपालिकेचा तपासनीस त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत होता आणि मग त्याने विचारलं, हा कुणी बसवला. मी सांगितलं.

"हीटर आहे ना घरात, मग हा खटाटोप कशाला?" हाही आईचाच प्रश्न. बर्फाच्या वादळात वीज गेली की हीटरचा पंखाही बंद पडतो, म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला विस्तव आवडतो, म्हणूनही. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेर लावलेत. वीस टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड घरात येत नाही, त्यासाठी ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मीटर टोचते.

आता दार उघडलं तरी धूर वर ओढला जातो. फक्त दाराच्या कडेत कागदाची पट्टी अडकवून ओढली, तर बिजागरीच्या बाजूला ती अलगद सुटते. म्हणजे तिथली, दाराची फट बंद ठेवणारी सीलची दोरी दबली आहे. नवी दोरी मागवली आहे, ती मीच बसवणार.