मनाची वाट न बघता

मंगळवार

दुपारी दीडला जेवले. भूक लागली होती का? सांगता येणार नाही. मला ॲनोरेक्सिया आहे, वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःलाच उपाशी ठेवण्याचा आजार, आणि सध्या त्यातून बाहेर येते आहे. आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमचं एकच पालुपद आहे, पोटाला विचारू नकोस, घड्याळाला विचार. सुरुवातीला फार राग यायचा. मी काय यंत्र आहे? पण त्यामागचं कारण कळलं आणि धुसफूस जरा कमी झाली. फार दिवस उपाशी राहिलं की जठर रिकामं व्हायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. चार घासांतच पोट तडस लागल्यासारखं होतं. मी ते इतकी वर्षं खरं मानलं, "माझं पोट लहानच आहे" म्हणून सगळ्यांना सांगितलं. अशा पोटाची साक्ष कोण धरणार? म्हणून घड्याळ.

आज ताटातलं सगळं संपलं. जेवताना दर घासाला डोक्यात वकिली चालूच होती. ती चालू असतानाच संपलं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

बुधवार, रात्री

मावशी आली होती. दारातच म्हणाली, "अगंबाई, अंग भरलं गं तुझं! किती छान दिसतेस आता." तिचा हेतू सोन्यासारखा, त्यात वाद नाही. पण "अंग भरलं" हे दोन शब्द मनात जाऊन बसले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत उठले नाहीत. आजारात असताना "किती बारीक झालीस" हे मला शाबासकीसारखं ऐकू यायचं. आता "छान दिसतेस" हे आरोपासारखं ऐकू येतं. बिचाऱ्या माणसांनी बोलावं तरी काय? बोलायचंच असेल तर दिसण्यावर बोलू नका. नवीन काय वाचलंस विचारा, कामाचं विचारा, पावसावर बोला.

आणि वजन वाढलं म्हणजे आजार गेला, हा समज तर सगळ्यांत त्रासाचा. शरीर पुढे निघून जातं, डोकं कितीतरी महिने मागून रखडत येतं. ताट सगळ्यांत जड वाटतं ते नेमकं तेव्हा, जेव्हा बघणाऱ्यांना वाटतं की झालं, सुटली पोरगी.

शुक्रवार

डॉक्टरांनी मागे एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, त्यावर आज सावकाश वाचलं. 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे सगळे सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून लढाईवर जायला नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले, तपासून निवडलेले धडधाकट लोक. कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी कुणाचं भांडण नव्हतं. आणि तरी काही महिन्यांत ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. एकेक जेवण तासन्‌तास लांबवायला लागली. चिडचिडी, एकलकोंडी झाली, उन्हाळ्यातही कुडकुडायला लागली.

मी तिथेच थांबले. हे तर माझंच वर्णन! रात्री दोन वाजता दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघणारी मी. एका तुकड्याचे सोळा तुकडे करून ते ताटाच्या कडेने रांगेत लावणारी मी. अंगावर दोन स्वेटर. हे सगळं माझ्या स्वभावातलं, माझ्या "शिस्ती"तलं आहे असं मी धरून चालले होते. त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीचं होतं, कुणाच्याही बाबतीत झालं असतं. आजाराची सुरुवात का झाली हे त्याने सुटत नाही, त्यासाठी समुपदेशन चालू आहे आणि ते किचकट आहे. पण उपाशी मेंदूकडून "आता मी तयार आहे, वाढ" अशी परवानगी कधीच येणार नाही, एवढं मात्र मला पटलं. उपाशी मेंदू उपाशी राहण्याच्याच बाजूने बोलतो. त्याला आधी खायला घालावं लागतं, वाद नंतर.

त्या तरुणांना प्रयोगानंतर हवं तेवढं जेवायला मिळालं, तरी कित्येकांची भूक बरेच महिने शमेना. माझ्याही वाट्याला असे आठवडे आले. खाऊन उठायचं आणि लगेच पुन्हा भूक. तेव्हा वाटलं होतं, आता हे कधीच थांबणार नाही. थांबतं. शरीर फक्त थकबाकी वसूल करत असतं.

शनिवार

ज्यांना अजून उपचारांचीच भीती वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. मला वाटायचं, दवाखान्यात नेतील आणि कोंबतील. झालं उलटंच. पहिल्या काही दिवसांत इतकं मोजूनमापून दिलं की मीच नर्सताईंना विचारलं, एवढंच? रोज रक्त काढायचे, सारखा ईसीजी. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झरझर पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटका झालेले काही उपाशी कैदी पोटभर जेवून दगावले ते यामुळेच. म्हणून जे फार खालावलेले आहेत त्यांनी एक दिवस ठरवून घरच्या घरी "सुटायला" जाऊ नये. डॉक्टर लागतात.

वजन करताना मला काट्याकडे पाठ करून उभं करतात. आकडा त्यांना दिसतो, मला नाही. पहिल्यांदा मी खोलीतल्या कपाटाच्या काचेत तो बघायचा प्रयत्न केला. उलटा दिसला. नर्सताईंनी काही न बोलता कपाटाला टॉवेल लावला. पुढच्या वेळी टॉवेल आधीच लावलेला होता.

रविवार

दादा म्हणाला, बाहेर जेवायला जाऊ. मी म्हटलं, "मला उभ्याने बरं वाटतं, तू जा." माझंच मला हसू आलं. बसायचं नाही, सतत हालचाल, हे या आजाराचं फार जुनं लक्षण. 1870च्या दशकात लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे आजचं नाव दिलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की इतक्या कृश मुली इतक्या धावपळ करतात तरी कशा. दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "गल साहेबांना पण घेऊ बरोबर, चप्पल घाल."

गेले. बसून जेवले. मेन्यूकार्डावर कॅलरी छापलेल्या होत्या म्हणून दादाने ते वाचून दाखवलं, फक्त नावं. मी पहिलं आवडलेलं नाव घेतलं, सगळ्यांत कमीचं नाही.

सोमवारी हाडांच्या घनतेचा रिपोर्ट आहे. पाळी सुरू झाली आहे, केस गळायचे थांबले आहेत, पण हाडं फार सावकाश सुधारतात आणि गेलेलं सगळंच परत येतं असं नाही. डॉक्टरांना विचारायचं आहे: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किती दिवस, जिना चढायला हरकत नाही ना, पुढचा स्कॅन कधी. सकाळचा नाश्ता रिपोर्टच्या आधी करायचा, नंतर नाही. आईला तसं सांगून ठेवलं आहे.