आधी पीळ, मग टाके

हाताने विणलेला स्वेटर अंगात असला की बायका हमखास जवळ येतात. बाहीची कड उलटून बघतात, "डिझाइन कुठलं गं?" म्हणतात, बोटाने टाके मोजतात. लोकर कुठून आणली हेही विचारतात, पण ते दुकान कळावं म्हणून. ती कोणीतरी कातलेली असते हे कोणाच्या मनात येत नाही, आणि यायचं काही कारणही नाही. लेबलवर सुईचा नंबर छापलेला असतो, रंगाचा नंबर छापलेला असतो. आपण सुईवर टाके घालायचे आणि सुरू व्हायचं. शाळेत शिवणाच्या तासाला सुलट-उलट शिकल्यापासून माझं सगळं विणकाम असंच झालं.

पुढे मी लोकर कातायला शिकले आणि माझं मत पक्कं झालं, की विणणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारं निम्मं कौतुक फुकटचं असतं. अवघड काम तिच्याआधीच कोणीतरी उरकून ठेवलेलं असतं.

यंत्रांचा इतिहास या बाबतीत माझ्या बाजूने आहे. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. सूत काढण्याचं मात्र घोडं अडलं ते अडलंच. जेम्स हार्ग्रीव्ह्जच्या जेनी नावाच्या सूतकताई यंत्रावर एका चाकाने एकदम आठ धागे निघू लागले तेव्हा 1764 च्या आसपासचा काळ आला होता. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. टाका म्हणजे शेवटी एका फासातून दुसरा फास ओढून घेणं. ते लोखंडी आकड्याला शिकवता येतं. कातताना डाव्या हाताची दोन बोटं नेमकं काय करतात ते आकड्याला कसं सांगणार? ज्यांची बोटं जन्मभर ते करत आली त्यांनाही सांगता येत नाही.

हे मला कळलं माणदेशातल्या म्हसवडजवळच्या एका धनगरवस्तीवर. तिथल्या आजी घोंगडीसाठी लोकर कातत आल्यात. नवऱ्याच्या मागे मेंढरं घेऊन कोकणात जाऊन आलेल्या, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरीच असतात. चरखा लाकडी, बसका, चाकाच्या आऱ्या काळ्याभोर झालेल्या. मी वही-पेन घेऊन गेले होते. आजींनी वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिवून घेऊन काय कातनारेस? बस हितं."

उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची सैल वळी. चाकाने फिरणारी टोकदार सळई ती चाती; तिच्या टोकावरून धागा तिरका धरला की प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो, आणि काटकोनात धरला की तोच धागा चातीवर गुंडाळला जातो. इतकं पाहून समजतं. पुढचं पाहून समजत नाही. हात मागे नेत पेळूतून लोकर सोडायची, ती किती सोडायची? जास्त सुटली तर दोरखंड, कमी सुटली तर तटकन तुटतो. आजी हात खांद्यामागे नेईपर्यंत ओढायच्या आणि मधल्या मध्ये धाग्याला कुठे जाड गाठीसारखं पोट आलं की थांबायच्याही नाहीत, नुसता हलकासा ताण द्यायच्या. पोट सपाट.

त्यात जादू नाही, एक साधा नियम आहे. पीळ आधी बारीक जागी धावतो. जिथे धागा बारीक तिथे तो आवळला जातो, घट्ट होतो, आणखी ताणला तरी सरकत नाही. जाड जागी पीळ पोचायला वेळ लागतो, तिथले तंतू अजून सुटे असतात, म्हणून ताण दिला की सरकतात आणि जागा बारीक होते. मग तिथेही पीळ येतो. म्हणजे धागा आपली जाडी स्वतःच सारखी करून घेत असतो, माणसाने फक्त तेवढा अवकाश द्यायचा. चाक जरा जास्त फिरलं की पोटातही पीळ शिरतो आणि ते पोट कायमचं राहतं. हात घाईत मागे गेला तर पीळ पोचायच्या आत धागा सुटून हातात येतो. या दोन्हींच्या मध्ये जी काही निमिषं असतात तेवढ्यातच सगळं घडतं. "बोटं सैल सोड की गं," आजींचा एकच धोशा. "तुटला तर तुटू दे. जोडता येतंय." आणि येतंही. तुटलेल्या टोकावर पेळूची चार केसं ठेवायची, चाक फिरवायचं, पीळ दोघांना एकत्र गुंडाळून घेतो. बोट फिरवलं तर सांधा लागतसुद्धा नाही. कापसाचं आखूड तंतूंचं सूत जोडायला जास्त नजर लागते. लोकर त्या मानाने दयाळू आहे, तिचे तंतू लांब आणि कुरळे असतात, एकमेकांना धरून राहतात.

चरखा म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात, फार तर येरवड्याच्या तुरुंगात घडवलेला त्यांचा पेटीचरखा. पण आमच्या दख्खनशी चरख्याचं नातं त्याहून बरंच जुनं आणि जरा खवचट आहे. इसामी नावाचा कवी-इतिहासकार पोरवयात घरच्यांबरोबर दिल्लीहून दौलताबादेला आला आणि पुढे पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने 1350 मध्ये त्याने फारसीत इतिहास लिहिला. त्यात तो रझिया सुलतानावर घसरतो. मुद्दा असा, की बाईने तख्तावर बसण्यापेक्षा चरखा घेऊन बसलेलं बरं. हिंदुस्थानात चरख्याचा सर्वात जुना स्पष्ट उल्लेख म्हणून इतिहासकार याच ओळीकडे बोट दाखवतात. म्हणजे चरखा इतिहासात शिरला तोच मुळी टोमणा म्हणून! इसामीने एक दुपार चरख्यावर घालवली असती तर सोप्या कामाचं उदाहरण म्हणून त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

असो. लोकरीकडे येते. दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळात तगणारी, आणि तिची लोकर तिच्यासारखीच. घोंगडीला ती उत्तम. पाऊस वरच्या वर थोपवते, शेताच्या बांधावर अंथरा नाहीतर खोळ करून डोक्यावर घ्या, वर्षानुवर्षं टिकते. पण गळ्याला लागली की टोचते. मग मी आजींना विचारलं, यातली मऊ लोकर कुठली? त्या आत गेल्या आणि एका फडक्यात बांधलेलं जावळ घेऊन आल्या. कोकराची पहिली कातरण ती जावळ. माणसाच्या पोराचं काढतात तसंच मेंढराचंही. टोकं निमुळती, कारण त्या केसाला आधी कधी कात्री लागलेली नसते. हात घातला की तळवा तेलकट होतो. जावळाची घोंगडी सगळ्यात भारी समजली जाते. मी म्हटलं, याचा स्वेटर करते. आजी हसल्या.

हसण्याचं कारण मला नंतर कळलं. घोंगडीचा धागा घट्ट पिळाचा लागतो. घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या मागावर तो ताणला जाणार, त्याआधी त्याला चिंचोक्याची खळ लागणार, वर-खाली होताना शेजारच्या धाग्याशी घासणार. सैल असेल तर मागावरच फुटेल. आजींचा हात त्या धाग्याचा. विणायला मात्र अगदी उलटी गरज. टाक्याचा धागा सैल, फुगीर हवा, त्याच्या पोटात हवा राहिली पाहिजे, तीच तर ऊब देते. घट्ट पिळाचा धागा विणला की स्वेटर न होता काथ्याची जाळी होते. म्हणजे आजींकडून शिकायचं, पण त्यांच्यापेक्षा चाक कमी फिरवायचं. गुरूने वीस फेरे द्यावेत आणि शिष्येने बारावर थांबावं, हे कुठल्या परंपरेत बसतं? त्यांनी दोन-तीनदा माझा धागा ओढून पाहिला, "कच्चा हाय" म्हणून परत दिला. त्यांच्या हिशोबाने कच्चाच होता.

आणि तेवढ्याने भागत नाही. एकेरी धागा तसाच विणायला घेतला, एक ओळ सुलट एक ओळ उलट, तर चौकोन चौकोन राहत नाही. हळूहळू एका बाजूला कलतो, शंकरपाळ्यासारखा. धाग्यातला पीळ सुटायला बघत असतो आणि प्रत्येक टाक्याला थोडं थोडं वळवतो. शिवण कडेला न राहता पोटावर येते. याला उपाय म्हणजे दोन पदर. दोन एकेरी धागे घ्यायचे आणि चाक उलट्या दिशेने फिरवून ते एकमेकांवर पिळायचे. पहिला पीळ थोडा उलगडतो, दुसरा बसतो, आणि दोघे एकमेकांना धरून शांत होतात. शांत झाले की नाही हे बघायला हातभर धागा घेऊन दोन्ही टोकं जवळ आणायची. मधला भाग सरळ लोंबला तर ठीक, स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला तर अजून हिशोब बाकी आहे. मग लड कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता निथळवायची आणि दांडीवर टांगून ठेवायची. सुकेपर्यंत धाग्याला आपला आकार पटलेला असतो.

बिनबाह्यांच्या स्वेटरला साधारण सातशे मीटर दुपदरी धागा धरला तर एकेरी चौदाशे मीटर कातायचा आणि वर सातशे मीटर पुन्हा चातीवरून फिरवायचा. या सगळ्यानंतर कुठे सुया हातात येतात. पुण्यात असल्या स्वेटरचे दिवस ते किती, डिसेंबर आणि थोडा जानेवारी! घरचे म्हणाले, एवढ्या वेळात चार घेऊन आलो असतो. खरं आहे. माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही. काही लोक कौतुकाने म्हणतात, "कताई म्हणजे ध्यान, नाही?" मला तर तसा अनुभव नाही. ध्यानात म्हणे मन रिकामं होतं. चरख्यावर माझं मन धाग्याच्या पुढच्या वितीशी भांडत असतं, आणि मला ते भांडण आवडतं.

लेबल नसलेल्या धाग्याची एक मजा असते. कुठल्या नंबरची सुई घ्यायची हे कोणी सांगत नाही. पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळायचा, एका इंचात किती वेढे बसतात ते बघायचं आणि अंदाज बांधायचा. मग वीतभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजायचं. धुतल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही, कारण या लोकरीत अजून मेंढीच्या अंगचं तेल असतं. ते गेलं की धागा फुलतो आणि टाके जवळ येतात. धुताना फक्त चोळायचं नाही. लोकरीच्या केसावर माशासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासाघीस मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. वॉशिंग मशिनमधून बाहुलीचा होऊन निघालेला स्वेटर बऱ्याच घरांनी पाहिलेला असतो, त्यामागे हेच खवले असतात.

आता पिशवीभर रंगीत गुंडे आणायला मी दुकानात गेले की हात आपोआप एक टोक चिमटीत धरतो. आपल्याकडे "लोकर" म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं. ते काही पाप नाही. लहान मुलाच्या टोपीला तेच बरं, रोज धुता येतं. पण खात्री करायची असेल तर घरी येऊन तुकडा पेटवून बघावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत दूर नेली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो.

ज्यांच्याकडे खरी लोकर आहे त्यांची अवस्था मात्र वाईट आहे. आजींचा मुलगा सांगत होता, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही. कातरावं तर लागतंच, नाहीतर जनावराला त्रास. मग पोती पडून राहतात, नाहीतर उकिरड्यावर जातात. आता त्या भागात लोकर कमी आणि मांस जास्त देणारी माडग्याळ मेंढी पाळण्याकडे कल आहे. त्यांना दोष कसा देणार? घोंगडी घ्यायला लोक येतात, फोटो काढतात, किमतीवरून घासाघीस करतात आणि कृत्रिम धाग्याच्या फ्लीसचं ब्लँकेट घेतात. मी एकटीने दोन किलो जावळ उचलल्याने माणदेशातल्या मेंढपाळाचं काही भलं होणार नाही, हे मलाही कळतं.

स्वेटर पुरा झाला तेव्हा दाखवायला घेऊन गेले. रंग तसाच, न रंगवलेला, काळा पण उन्हात तपकिरी दिसणारा. आजींनी तो चष्म्याजवळ नेला, दोन्ही हातांनी आडवा ताणला आणि पलीकडे बघितलं.

"भोकंच भोकं हायेत की गं. पाऊस थांबल का ह्यात?"

"पावसासाठी नाही आजी, थंडीसाठी."

"मग थंडी ह्या भोकातून येत न्हाई?"

मी हवा अडकते, ऊब राहते वगैरे सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं, एक शब्दही पटला नसावा. मग त्यांनी खालची कड बोटांत धरून धागा चाचपला, टाक्यांकडे न बघता. बराच वेळ चाचपला. "हितनं फुडं बरा कातलास," म्हणाल्या. बरोबर ओळखलं होतं. तिथून वरचा धागा पावसाळ्यानंतर कातलेला होता. इतक्या जणींनी तो स्वेटर बघितला, धाग्याला हात लावणाऱ्या या एकट्याच.

निघताना त्यांनी विचारलं, "ह्याचीच कानटोपी हुईल का? नातू पहाटं मेंढरांमागं जातोय." होईल म्हटलं. पैशांचं काही बोलू नका म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात एसटीने अर्धं पोतं जावळ आलं, तोंड सुतळीने शिवलेलं. ते निवडून, धुऊन, पिंजून घ्यायचं आहे. कानटोपीला त्यातली मूठभर पुरेल. उरलेल्याचे मोजे करावेत असं मनात आहे, पण टाच झिजते, म्हणून तीन पदर पिळावे लागतील.