एका घरात दोन पंचांगं: इंदूरचे सणवार

महाराष्ट्रातून इंदूरला आलेल्या माणसाचं भाषेवाचून फारसं अडत नाही. पिढ्यानपिढ्या इथली असलेली मराठी घरं या शहरात भरपूर. अडतं ते तिथीपाशी. नवरा-बायकोत एक मराठी आणि एक माळवी असेल, तर स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी लाला रामस्वरूप हे इथलं हिंदी पंचांग टांगावंच लागतं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच, वद्य पक्षात मात्र इथलं नाव एक महिना पुढे. आपली आश्विन अमावास्या ही इथली कार्तिक अमावास्या. लक्ष्मीपूजनाचा दिवस तोच असल्याने दिवाळीत कुणी चुकत नाही. घोटाळा होतो तो व्रतांत.

पहिला घोटाळा वडाचा. आपली वटपौर्णिमा ज्येष्ठ पौर्णिमेला, इथली वटसावित्री त्याआधीच्या ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे आपल्या वैशाख अमावास्येला. एरवी पंधरा दिवसांचं अंतर. अधिक ज्येष्ठ आला की ते दीड महिन्यावर जातं. 2026 मध्ये सासूबाईंचा वड 16 मे रोजी आणि सुनेचा 29 जूनला. जूनमध्ये वडापाशी एकटीच गेलात तर बायका चुकलेली समजून बघतील, तेवढी तयारी असू द्या.

श्रावणाचं गणित नीट बसवायला हवं, कारण इथे उपास दोघांनी मिळून करायचे असतात. इथला सावन राखीला संपतो, आपला त्यानंतर पंधरा दिवस चालतो. 2026 चे इथले सोमवार 3, 10, 17 आणि 24 ऑगस्ट. आपले 17, 24, 31 ऑगस्ट आणि 7 सप्टेंबर. समाईक दोनच. दोन्ही धरले तर सहा उपास होतात आणि बहुतेक जोडपी शेवटी तेच करतात. मात्र शिवामूठ 3 ऑगस्टला सुरू करू नका. 17 ला तांदूळ, 24 ला तीळ, 31 ला मूग, 7 ला जवस. आधी सुरू केलीत तर आपला श्रावण लागण्याआधीच दोन मुठी वाहून होतात. उज्जैनला महाकालाची सवारी, म्हणजे सोमवारची पालखी, इथल्या भादोंच्या (भाद्रपदाच्या) पहिल्या पंधरवड्यातही निघते, म्हणजे आपले सगळे श्रावणी सोमवार तिच्यात येतात. आपल्या बाजूने दाखला द्यायचा तर याहून चांगला सापडणार नाही.

महालक्ष्मी या शब्दावर तर पाहुणेसुद्धा चुकीच्या दिवशी येतात. आपल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, अनुराधा नक्षत्रावर येतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. इथली महालक्ष्मी सोळा दिवसांची. भाद्रपद शुद्ध अष्टमीला सोळा गाठींचा दोरा बांधायचा आणि पितृपक्षातल्या अष्टमीला मातीच्या हत्तीची पूजा करून सांगता करायची. पितृपक्षात मराठी घरात कुणी खरेदीला हात लावत नाही, पण इथे ही अष्टमी सोनं घ्यायला शुभ. बोलावताना सरळ ‘गौरी जेवायला या’ असं सांगावं.

मुलींची मात्र चैन. पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे माळव्यातल्या मुली रोज काढतात ती शेणाची चित्रं, ती संपते न संपते तोच घटस्थापना आणि भोंडला. एकही दिवस एकमेकांवर येत नाही.

दिवाळीत दारापुढे रांगोळी नको, मांडणा हवा, असा माळवी आग्रह असतो. तो मानावा, मांडणा फार देखणा दिसतो. जमीन गेरूने सारवून पूर्ण वाळू द्यायची. खडू रात्रभर भिजवून पातळ ताकाइतका करायचा. कापसाचा बोळा त्यात बुडवून मुठीत धरायचा आणि हळूहळू दाबत अनामिकेवरून रेघ ओढायची. ओली रेघ जवळजवळ दिसतच नाही, वाळली की पांढरी फटक होते. नवखा माणूस दिसत नाही म्हणून पुन्हा गिरवतो आणि वाळल्यावर जाड, ओबडधोबड रेघ हाती येते. गुळगुळीत फरशीवर गेरूचे पोपडे निघतात. त्यात थोडा डिंक घालावा.

फराळात शेव त्यांच्याकडे सोपवा, इंदुरी माणसापुढे शेवेची चर्चाच नको. चकली आपली. तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, धणे अर्धी, जिरे पाव. सगळं वेगवेगळं भाजायचं. गिरणीत मात्र स्वतः उभं राहा आणि ‘भैया, गेहूँ के ऊपर मत पीसना’ असं बजावा. जात्यात राहिलेला गहू भाजणीत उतरला की चकली चिवट होते. हरभऱ्याच्या डाळीवर दळून घ्या. बेसन इथे रोजचंच, पाळी लवकर लागते. चार वाट्या पिठाला पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दात मोडते.

पाडव्याला सकाळी शेणाचा गोवर्धन आणि संध्याकाळी नवऱ्याला ओवाळणी. फ्लॅटमध्ये गोवर्धन पाटावर होतो. भाऊबीज मात्र वर्षातून दोनदा, दुसरी होळीनंतरच्या द्वितीयेला. ओवाळणीचे पैसे तेव्हाही बाजूला ठेवावे लागतात.

होळीला माहेरी गेलात तर रंगपंचमीच्या आत परत या. खरा रंग इथे पंचमीला. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचे फवारे चार मजल्यांपर्यंत जातात आणि राजवाड्याकडचे रस्ते दुपारपर्यंत बंद असतात. आदल्या रात्री केसांना आणि नखांना खोबरेल लावा, दूध आणि भाजी आणून ठेवा, आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे आत घ्या.