बर्फातला मुक्काम: थंडीत संप्रेरकं कशी साथ देतात

गाडीतून उतरल्यावर वारा लागला आणि मिनिटभरात बोटं पांढुरकी पडली. त्वचेतल्या मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनलिन हे रसायन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, गरम रक्त छाती-पोटाकडे वळतं. म्हणून हातमोजे गाडीतच चढवावेत. बोटं गारठली की साधं बकलही लागत नाही. चढावर मात्र घाम फुटायच्या आधीच एक थर काढा.

तळावर पोहोचेपर्यंत सगळ्यांनाच सारखी लघवीला लागत होती. रक्त आत गोळा झालं की शरीर ते ‘पाणी जास्त झालंय’ असं धरतं, लघवीतून जाणारं पाणी रोखणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक घटतं आणि मूत्रपिंडं पाणी सोडून देतात. त्यातच थंडीत तहानही मंदावते. तेव्हा तहानेची वाट न पाहता दर तासाला थोडं कोमट पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. रात्री बाहेर जायचा कंटाळा म्हणून पाणी तोडू नका. त्यापेक्षा लघवीसाठी रुंद तोंडाची वेगळी बाटली उशाशी ठेवा, अंधारात हाताला कळावी म्हणून तिला रबर गुंडाळा. पिण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो.

पहाटेची हुडहुडी बहुधा उपाशीपोटी झोपल्याने अंगावर येते. कुडकुडताना शरीर विश्रांतीच्या पाचपटीपर्यंत उष्णता तयार करू शकतं, पण त्यात स्नायूंतली साखर झपाट्याने संपते. झोपण्याआधी पिष्टमय आणि तुपकट खा, घाम येणार नाही इतपत उठाबशा काढा, मगच स्लीपिंग बॅगेत शिरा.

न कुडकुडता ऊब देणारी तपकिरी चरबी मानेत आणि गळ्याच्या हाडामागे असते. नॉरअॅड्रिनलिन तिला पेटवतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं टी-४ हे संप्रेरक तिथल्या तिथे जास्त प्रभावी टी-३ मध्ये बदलतं आणि ही आच वाढते. पण शरीराला थंडीची ही सवय दोन दिवसांत लागत नाही. एका प्रयोगात १५-१६ अंशांत रोज सहा तास बसलेल्यांची हुडहुडी १० दिवसांत कमी झाली होती. निघण्याआधी दोन आठवडे घरी पातळ कपड्यांत वावरणं म्हणूनच उपयोगाचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती चुकवू नका, मनाने वाढवूही नका. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण ते याच यंत्रणेला आवर घालतात.

दारू पूर्ण टाळा. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. ऊब जाणवते, पण उष्णता बाहेर जाते.

सोबत्याची जीभ जड झाली आणि ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं, तर तो बरा होतोय असं समजू नका. त्याला चालवू नका, हातपाय चोळू नका. आडवं ठेवा, ओले कपडे कापून काढा, छाती आणि काखा उबदार करा आणि लगेच मदत मागवा.