आल्तिनोच्या चढणीवरची मळमळ

गेल्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या 48 व्या वर्षी, मी पणजीत सकाळी धावायला सुरुवात केली आणि पहिल्या तीन आठवड्यांत चार वेळा आल्तिनो टेकडीच्या चढणीवर चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, हात टेकून उभा राहिलो. क्रम दर वेळी तोच असे: आधी तोंडात एकाएकी पातळ लाळ भरून येई, मग कानशिलांवर गार घाम फुटे आणि पाठोपाठ पोटातून उमाळा येई. ओकारी एकदाच झाली. बाकीच्या वेळी आंबट पाणी घशाशी येऊन परत गेले, आणि खरे सांगायचे तर तेच अधिक त्रासदायक होते.

घरात एकमताने निदान झाले: पित्त. आपल्याकडे हा शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करावा लागत नाही. मी आठवडाभर इमानाने सोलकढी प्यालो. तिची चव उत्तम होती, पण मळमळ जागची हलली नाही.

डॉक्टरांनी मात्र आधी छातीत दडपण येते का, जबडा किंवा डावा हात दुखतो का, नेहमीपेक्षा जास्त दम लागतो का, हे विचारले, आणि माझ्या वडिलांना हृदयविकार होता हे कळताच ईसीजी व ट्रेडमिलची चाचणी करून घ्यायला लावली. व्यायामातली मळमळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असली, तरी हृदयाच्या दुखण्यातही मळमळ असू शकते, आणि स्त्रियांमध्ये व मधुमेह असणाऱ्यांमध्ये छातीतली कळ ठळक नसतानाही ती येऊ शकते. म्हणून हे प्रश्न आधी. वरच्यांपैकी एखादे लक्षण सोबत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करावा. माझे दोन्ही अहवाल चांगले आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘आता सांगा, धावायच्या आधी तुम्ही काय खाता?’’

उत्तर देताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. सहाच्या सुमारास आमच्या वाड्यावर पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो. गरम उंडे (गोल पाव), त्यांच्याबरोबर रात्रीची उरलेली, ओल्या नारळाच्या वाटणाची पातळ भाजी आणि वर दुधाचा चहा, एवढे उरकून मी साडेसहाला घराबाहेर पडत असे.

आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत अशा पोटातल्या अवयवांकडे जातो. जोराचा व्यायाम सुरू झाला की पायांच्या स्नायूंची मागणी वाढते, पोटाकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडचा पुरवठा 80 टक्क्यांपर्यंतही घटू शकतो. अशा वेळी जठरात स्निग्ध, मसालेदार अन्न असेल तर ते पुढे सरकत नाही, कारण स्निग्ध पदार्थांना जठरातून बाहेर पडायला मुळातच वेळ लागतो. त्यात धावण्याचे हिसके बसले की ते उलट दिशेने वर चढू पाहते. पोटभर जेवणानंतर दोन ते तीन तास थांबावे असे म्हणतात ते याचसाठी. मी जेमतेम अर्धा तास थांबत होतो.

त्यात आमची हवा. मे महिन्यात पणजीत पहाटेही अंग चिकचिकते. हवेत बाष्प इतके असते की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि न सुकणारा घाम शरीर थंड करत नाही. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावे लागते, घामावाटे पाणी जाऊन एकूण रक्ताचे आकारमानही घटते, आणि या ओढाताणीत सर्वांत आधी पोटाची उपासमार होते.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. उपाशीपोटी, पण लिटरभर पाणी एका दमात पिऊन निघालो; ते पोटात डुचमळत राहिले आणि चढणीवर मळमळीच्या जोडीला हातपायही थरथरले. आता निघण्यापूर्वी अर्धे केळे खातो आणि पाणी घोटाघोटाने पितो. तासन्‌तास धावणाऱ्यांनी नुसते साधे पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याचीही सुरुवात मळमळीनेच होऊ शकते. माझ्या अर्ध्या तासाच्या धावण्यात तो प्रश्न येत नाही.

वेगाबाबत डॉक्टरांनी एक साधी कसोटी सांगितली: धावताना एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आल्तिनोवर मला ‘हो’देखील धड म्हणता येत नव्हते. अतिश्रमाने रक्तातली आम्लता वाढते आणि त्यानेही ढवळते. शिवाय मळमळले की मी जागच्या जागी थांबत असे, आणि ते अधिकच वाईट होते, कारण पायांची हालचाल एकदम बंद पडली की रक्त पायांतच साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळीसकट मळमळ वाढते. ज्या गडग्याचा मी आधार घेत होतो, तो सोडून हळूहळू चालत राहणे हाच त्या वेळचा उपाय होता.

सध्या मी मिरामारच्या सपाट रस्त्यावर धावतो आणि आठवड्यातून एकदाच, तेही चालत, आल्तिनो चढतो. पदेराकडून उंडे घेतोच, पण ते फडक्यात गुंडाळून ठेवतो. परत येईपर्यंत ते जरा चिवट होतात, याबद्दल घरात माझी तक्रार कोणी ऐकून घेत नाही.