हनुवटीवरचा फोड

काल कॉलेजात पीबीएलचं (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, केस सोडवत शिकायचं) सेशन झालं आणि रात्री झोपच लागली नाही, म्हणून टाइप करत बसलेय.

बीडीएसच्या (डेंटलच्या) फायनल इयरला आठ-आठ पोरांचे ग्रुप पाडून कागदावरची केस देतो आम्ही, एकेक पान करत. बोलायचं पोरांनी, टीचरनं गप्प बसायचं, आणि तेच सगळ्यात जड जातं. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीनं १९६९ ला मेडिकलला हे सुरू केलं, स्वीडनमधल्या माल्मोच्या डेंटल कॉलेजनं १९९० ला अख्खा कोर्सच असा केला, आणि आम्ही नाशकात एका दिवसाचं वर्कशॉप करून, सीडीई पॉइंट (डेंटिस्टच्या पुढच्या शिक्षणाचे गुण) आणि जेवण घेऊन फॅसिलिटेटर, म्हणजे असा ग्रुप चालवणारे टीचर, झालो. (जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा.) डोक्यात राहिलं ते एवढंच की उत्तर द्यायचं नाही.

केस माझीच. दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार, चाळिशीचा, हनुवटीच्या खाली फोड, येतो फुटतो सुकतो परत येतो. दात दुखत नाही, किडलेला नाही. मलमं झाली, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, एकदा फोड कापून टाकेही घातले. आमच्या टॉपरनं टीबीपासून कॅन्सरपर्यंत फळा भरला. तेवढ्यात व्हायव्हाला कायम अडखळणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे कधी पडले होते का?"

पुढचं पान दिलं. आठ वर्षांपूर्वी बाइकवरून खडीवर पडलेला, मार हनुवटीला. मग चर्चेची गाडी सुटली. कोल्ड टेस्टला (दाताला गार लावून आतली नस जिवंत आहे का बघायची) ३१, म्हणजे खालचा मधला पुढचा दात, गप्प; नस मेलेली. २५ नंबरचा गटापर्चा पॉइंट (रबरासारखी बारीक काडी) फोडाच्या तोंडातून हलक्या हातानं सरकवायचा, अडला की थांबायचं आणि आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे) काढायचा, फिल्मवर ती पांढरी रेघ वाकत वाकत बरोब्बर ३१ च्या मुळाच्या टोकाला टेकलेली दिसते. मुळाचं टोक मेंटॅलिस, म्हणजे हनुवटीच्या स्नायूच्या, चिकटण्याच्या जागेखाली पडलं की पू तोंडात न येता हनुवटीवर फुटतो, आणि वाट मिळाल्यामुळे दुखतही नाही. आरसीटी (रूट कॅनल) केली, पंधरा दिवसांत फोड बंद, बारीक खळगा तेवढा राहिला.

पहिल्या पानावर एक ओळ होती, 'डेंटिस्टने दात चांगले आहेत असे सांगून स्किनवाल्याकडे पाठवले.' त्याच मुलीनं विचारलं, "त्या डेंटिस्टनं साधी कोल्ड टेस्ट का नाही केली?" कोणीतरी म्हणालं, बीडीएस कुठून केलंय त्यानं, आणि सगळे हसले.

ती डेंटिस्ट मी. पंचवटीतलं क्लिनिक, संध्याकाळची गर्दी, कीड दिसली नाही, मिररच्या दांड्यानं दोन दात ठोकले आणि चिठ्ठी लिहून दिली. अकरा महिन्यांनी ते बायकोच्या क्लीनिंगला आले तेव्हा हनुवटीवर पट्टी बघून माझ्या पोटात खड्डा पडला. माणूस एका शब्दानं बोलला नाही, उलट आरसीटी झाल्यावर द्राक्षांची पेटी घेऊन आला.

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "लर्निंग इश्यूमध्ये लिहा," म्हणजे पुढच्या वेळी शोधून आणायच्या प्रश्नांत.

गुरुवारी ती मुलगी त्यावर प्रेझेंट करणार आहे.